ब्रिटनच्या कालव्यांवरील वॉटर व्होल आणि दोन मीटर काठाचा प्रश्न

डर्वेंटकाठ

नमस्कार. डर्बीशरमध्ये क्रॉमफर्डपासून अँबरगेटपर्यंत जाणाऱ्या जुन्या कालव्याच्या काठावर वॉटर व्होल, म्हणजे पाण्याकाठी बिळे करणारे उंदरासारखे दिसणारे प्राणी, अजून टिकून आहेत. १७९४ मध्ये मालवाहतुकीसाठी खुला झालेला हा कालवा. ती वाहतूक केव्हाच बंद पडली आणि आज त्याच्या संथ पाण्याच्या कडेने लव्हाळे, पाणकणीस आणि उंच गवत दाटीने वाढले आहे. स्थानिक स्वयंसेवकांबरोबर मी दर वसंतात या प्राण्याच्या खुणांची पाहणी करतो. त्याच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

वॉटर व्होल हा ब्रिटनमधील सर्वांत मोठा व्होल. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारण १५० ते ३०० ग्रॅम भरते. पुष्कळ लोक त्याला तपकिरी उंदीर समजतात आणि हा गैरसमज त्याच्या जिवावर बेततो, कारण उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिष तोही खातो. नीट पाहिले तर दोघांत गल्लत होण्याचे कारण नाही. व्होलचे तोंड बोथट आणि गोलसर असते, कान अंगावरच्या केसांत जवळजवळ झाकलेले असतात आणि शेपूट आखूड व केसाळ असते. उंदराचे तोंड टोकदार, कान उठून दिसणारे आणि शेपूट लांब व उघडी असते.

प्राणी स्वतः क्वचितच निवांत पाहायला मिळतो. बहुतेक वेळा पाण्यात पडल्याचा ‘डुबुक’ असा आवाज तेवढा येतो. पाहणी करायची ती खुणांची. काठावर गुडघे टेकून गवत हळूच बाजूला केले की बोटभर लांबीच्या कापलेल्या काड्यांचा लहानसा ढीग सापडतो, आणि प्रत्येक काडीचे टोक सुरीने तिरके छाटल्यासारखे असते. जवळच त्याची ठरलेली शौचाची जागा असते. तिथल्या लेंड्या सुमारे एक सेंटीमीटर लांब, दोन्ही टोकांना बोथट, हिरवट तपकिरी असतात आणि मोडून पाहिल्या तर आत बारीक चावलेल्या गवताचा चोथा दिसतो. प्रजननाच्या काळात मादी आपल्या हद्दीच्या खुणा म्हणून या जागा राखते, त्यामुळे त्या मोजल्या की त्या काठावर किती माद्या असतील याचा अंदाज बांधता येतो.

आता त्याच्या ऱ्हासाविषयी. व्हिन्सेंट वाइल्डलाइफ ट्रस्टने १९८९-९० आणि १९९६-९८ अशा दोन देशव्यापी पाहण्या केल्या. त्या दोन पाहण्यांच्या मधल्या अवघ्या काही वर्षांत संख्या जवळजवळ ९० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०१८ मध्ये मॅमल सोसायटीने इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून सुमारे १,३२,००० व्होल उरले असल्याचा अंदाज दिला. हा आकडा मोठा वाटेल, पण मादी वर्षाला चार-पाच वेळा विते आणि बहुतेक प्राणी दुसरा हिवाळा पाहत नाहीत. अशा प्राण्याच्या बाबतीत एक हंगाम वाया गेला की काठाचा अख्खा पट्टा रिकामा होतो.

कारणे सांगताना बहुतेक लेख दोन नावे घेतात: नष्ट झालेला अधिवास आणि अमेरिकन मिंक, म्हणजे फरसाठी बाहेरून आणलेला एक सडपातळ मांसभक्षक प्राणी. ही दोन वेगळी कारणे म्हणून मांडली जातात, ते मला पटत नाही. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. जिथे काठावरची वनस्पतींची पट्टी एका हाताएवढी अरुंद झाली आहे, तिथेच मिंक सर्वांत लवकर सगळे व्होल संपवतो. जिथे बोरूची विस्तीर्ण बेटे आहेत, तिथे मिंक असूनही काही व्होल तग धरतात. कालवा म्हणजे सरळ रेष. मिंक एका टोकाने शिरला की त्या रेषेवर चालत जाण्याखेरीज त्याला वेगळे काही करावे लागत नाही. म्हणून काठाची रुंदी किती राखली जाते, यावर या प्राण्याचे भवितव्य ठरते असे मी मानतो. आपापल्या भागातील अनुभव लिहावेत, ही विनंती.

निवृत्त_पाटकरी

फार चांगला विषय. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून सध्या पुण्यात राहतो, त्यामुळे माझा प्रश्न थोडा विरुद्ध बाजूने येईल. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला आणि वस्तीत पाणी शिरले. तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याचे कारण सरकारकडून पुढे करण्यात आले होते. ते कितपत पुरेसे होते यावर पुष्कळ वाद झाला आणि देखभालीच्या प्रश्नावर पांघरूण घालण्यासाठी प्राण्यांकडे बोट दाखवले जाते असे मलाही वाटते. पण बिळातून पाझर सुरू होतो, पाझरातून माती वाहू लागते आणि मग भराव खचतो, ही प्रक्रिया खरी आहे. काठात बिळे करणाऱ्या प्राण्याला संरक्षण देणारा देश आपल्या कालव्यांच्या सुरक्षेचे काय करतो, हे समजून घ्यायला आवडेल.

डर्वेंटकाठ

तुमचा प्रश्न मुळाला हात घालणारा आहे. इथल्या कालव्यांचे अभियंतेही नेमके हेच विचारतात, आणि त्यांना निसर्गाचे शत्रू ठरवणे अन्यायाचे होईल.

बहुतेक जुने कालवे पाणी घालून तुडवलेल्या चिकणमातीच्या अस्तरावर उभे आहेत. खोदाईच्या लांबीत, म्हणजे जिथे दोन्ही बाजूंची जमीन पाण्याच्या पातळीपेक्षा उंच आहे तिथे, बिळामुळे फारसे काही बिघडत नाही. भरावाच्या लांबीत मात्र धोका खरा असतो, विशेषतः बाहेरच्या उताराखाली घरे किंवा रस्ता असेल तर. म्हणून शहाणपणाची रीत अशी की सगळ्या लांबीला एकच उपाय लावायचा नाही. भरावावर पोलादी पत्रे ठोकायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो खोदाईच्या लांबीतही सवयीने तेच पत्रे ठोकण्याला. पत्र्याचा काठ म्हणजे व्होलसाठी भिंतच. त्यात बीळ करता येत नाही, पाण्यातून वर चढता येत नाही आणि त्यावर वनस्पती रुजत नाहीत.

मऊ काठ राखूनही धूप थांबवता येते. नारळाच्या काथ्याच्या जाड वळकट्या काठालगत पाण्यात खुंट्यांनी बांधतात. त्यांत आधीच लव्हाळे आणि पिवळ्या आयरिसची रोपे लावलेली असतात. काही वर्षांत काथ्या कुजून जातो, तोवर मुळांनी काठ घट्ट धरलेला असतो. कोकणात दोर वळायला लागतो तोच काथ्या इंग्लंडच्या कालव्यात व्होलसाठी काठ तयार करतो, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला फार बरे वाटले होते. वळकट्यांच्या मागे माती भरली की व्होल तिथे बिळे करू लागतात.

निवृत्त_पाटकरी

खोदाई आणि भराव यांतला भेद करून काम होत असेल तर माझी शंका बऱ्याच अंशी फिटते. एक पुढचा मुद्दा. बिळांची तोंडे पाण्याखालीही असतात असे वाचले. कालव्यातील पाण्याची पातळी वरखाली केली तर काय होते? आमच्याकडे आवर्तन सुटते तेव्हा पातळी एकदम वाढते आणि आवर्तन संपले की कालवा कोरडा पडतो.

डर्वेंटकाठ

बिळाची काही तोंडे पाण्याखाली, काही पाण्याच्या रेषेवर आणि काही वर काठाच्या गवतात असतात. वरच्या तोंडाभोवती व्होल पोहोचेल तेवढे गवत खुरटून ठेवतो. घरटे वरच्या अंगाला, गवत विणून केलेले असते. इथे लॉक (बोटींना वरखाली नेणारे कालव्यातील दरवाज्यांचे टप्पे) आणि सांडव्यांमुळे पातळी वर्षभर जवळपास स्थिर राहते, आणि नदीपेक्षा कालवा या प्राण्याला मानवतो याचे मोठे कारण हेच आहे. दुरुस्तीसाठी दोन लॉकमधले पाणी उपसले की पाण्याखालची तोंडे उघडी पडतात आणि भक्षकाला आत शिरायची वाट मिळते. उलट पुरात पाणी घरट्यापर्यंत चढले की पिल्ले बुडतात. म्हणून असे काम प्रजननाच्या काळात टाळावे, असा सल्ला जाणकार देतात.

नॉरिचकर

मी नॉरफकमध्ये राहतो आणि मिंक नियंत्रणाच्या कामात स्वयंसेवक आहे. धागाकर्त्याच्या मांडणीशी बव्हंशी सहमत आहे, पण या ऱ्हासातला मिंकचा वाटा तुम्ही थोडा कमी धरला आहे असे वाटते. आमच्याकडे ब्रॉड्स या उथळ तळ्यांच्या भागातील दलदलीत बोरूची बेटे मैलोगणती पसरलेली आहेत, तरीही मिंक वाढला तेव्हा व्होल घटलेच.

पार्श्वभूमी थोडक्यात देतो. १९२९ पासून ब्रिटनमध्ये फरसाठी मिंकपालन सुरू झाले. त्यांतले काही निसटत राहिले, आणि १९५६ मध्ये डेव्हनमधील टीन नदीवर मोकळ्या रानात त्यांची वीण झाल्याचे पहिल्यांदा निश्चित झाले. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० च्या कायद्याने फरपालनावर बंदी आली, पण तोपर्यंत मिंक सगळीकडे पसरला होता.

व्होलकडे बचावाची दोन साधने आहेत. पाण्यात सूर मारून तळाचा गाळ ढवळायचा, म्हणजे मागच्याला काही दिसत नाही. आणि पाण्याखालच्या तोंडातून बिळात शिरायचे. बगळा, घुबड, कोल्हा यांच्यापासून ही साधने त्याला वाचवतात. इथला मूळचा पाणमांजर बिळात मावत नाही. मिंक मात्र उत्तम पोहतो, आणि त्याची मादी इतकी सडपातळ असते की ती व्होलच्या बिळात सरळ शिरते. पिल्ले असलेली एक मादी एका हंगामात तो सगळा पट्टा रिकामा करू शकते. या भक्षकाशी जुळवून घ्यायला व्होलला वेळच मिळालेला नाही.

कामाची पद्धत अशी. पाण्यावर एक लहान तराफा बांधून ठेवतात आणि त्यावर लाकडी बोगदा असतो. बोगद्याच्या तळाशी ओल्या चिकणमातीचा थर असतो, ज्यावर येणाऱ्या जाणाऱ्याच्या पावलांचे ठसे उमटतात. मिंकचा ठसा पाकळ्या पसरलेल्या फुलासारखा, पाच बोटांचा आणि नखांच्या टोकांसह येतो. व्होलचा ठसा त्याहून कितीतरी लहान, चांदणीच्या आकाराचा असतो, आणि पुष्कळदा व्होल त्या तराफ्यावर आपल्या लेंड्या टाकून जातात, त्यामुळे तोच तराफा दोघांची नोंद देतो. मिंकचा ठसा दिसला की बोगद्यात जिवंत पकडणारा पिंजरा ठेवतात. आता पिंजऱ्याचे दार बंद झाल्याबरोबर स्वयंसेवकाच्या फोनवर संदेश येतो. दुसरा प्राणी अडकला असेल तर त्याला लगेच सोडून देता येते, आणि पाणमांजराला आत शिरता येऊ नये म्हणून तोंडावर अडसर असतो. वॉटरलाइफ रिकव्हरी ट्रस्टच्या पुढाकाराने पूर्व अँग्लियात हे काम एवढ्या मोठ्या प्रमाणावर झाले की नॉरफक आणि सफकमध्ये मिंकची पैदास थांबल्याचे चित्र दिसू लागले. व्होल परत येताना आम्ही डोळ्यांनी पाहतो आहोत.

सुमेधा_नाशिक

माहितीबद्दल आभार, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नाही. पकडलेल्या मिंकचे पुढे काय होते? तो मारला जातो हे तुम्ही लिहिलेले नाही. मिंकला या देशात माणसाने आणले, पिंजऱ्यात कोंडले, त्याच्या कातड्याचा व्यापार केला. तो निसटला आणि आपल्या स्वभावाप्रमाणे जगला. आता माणूस एका प्राण्याला वाचवण्यासाठी दुसऱ्याला मारतो आहे. मी व्होलच्या विरोधात नाही, पण या कामाविषयी लिहिताना हा भाग वगळला जाऊ नये.

नॉरिचकर

सुमेधाताई, तुमचे म्हणणे रास्त आहे आणि तो भाग मी लिहायला हवा होता. होय, मिंक मारला जातो. हवेच्या पिस्तुलाने, पिंजऱ्यातच, शक्य तितक्या लवकर. पाण्यात बुडवून मारणे हा इथे गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पकडलेला मिंक पुन्हा रानात सोडणेही कायद्याने निषिद्ध आहे, आणि अमेरिकेत परत पाठवण्याची कल्पना व्यवहारात उतरणारी नाही.

हे काम करणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात आनंद वाटत नाही. मिंक देखणा आणि हुशार प्राणी आहे. पण निवड मारणे आणि न मारणे यांच्यात नाही. आपण काही केले नाही तर तो मिंक वर्षभर व्होल मारतो, पाणकोंबडीची पिल्ले मारतो, जमिनीवर घरटी करणारे पक्षी मारतो, आणि ते मरण पाहायला कोणी नसते एवढाच फरक.

सुमेधा_नाशिक

स्पष्टपणे लिहिलेत, आभारी आहे. मला हे पूर्ण पटले असे म्हणणार नाही, पण तुमच्याच उत्तरातून एक निष्कर्ष निघतो आणि तो मांडते. मारायचेच असेल तर अर्धवट मारणे हा सर्वांत वाईट पर्याय ठरतो. एका कालव्यावर चार तराफे ठेवायचे, दरवर्षी काही मिंक मारायचे, आणि शेजारच्या खोऱ्यातून नवे येत राहायचे, यात ना व्होल वाचतो ना मिंकचे मरण थांबते. संपूर्ण प्रदेशातून मिंक एकदाच हटवला तर एकूण मारलेल्या प्राण्यांची संख्या कमी भरेल. तेव्हा या कामाला पैसा द्यायचा तर तो पुरेसा आणि सलग द्यावा. मधेच हात आखडता घेण्याला माझा तीव्र विरोध राहील.

नॉरिचकर

आमच्या गटात हीच भूमिका सगळ्यांची आहे. तराफे एका परगण्याच्या सीमेवर थांबले तर मिंक थांबत नाही. म्हणूनच काम खोऱ्यांच्या हिशेबाने आणि बाहेरच्या बाजूला राखीव पट्टा ठेवून केले जाते.

रानतेरडा

मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि सध्या लीड्समध्ये असते. काठाच्या वनस्पतींविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे जोडते.

जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या कालव्यांच्या काठावर पुरुषभर उंचीची, गुलाबी फुलांची दाट रांग दिसते. फूल पाहताच मराठी माणसाला तेरडा आठवेल, आणि ते बरोबरच आहे. ही आपल्या तेरड्याच्या कुळातलीच हिमालयातील जाती असून १८३९ मध्ये बागेसाठी ब्रिटनमध्ये आणली गेली. शेंग पिकली की स्पर्शाने फुटून बी काही मीटर लांब उडते आणि पाण्याबरोबर वाहत जाते. गौरीत आपण तेरडा हौसेने घरी आणतो, त्यामुळे त्याच्या भावंडाला इथे उपटून टाकताना मन थोडे कचरते. पण व्होलच्या दृष्टीने ही वनस्पती घातक आहे. ती वर्षायू आहे. उन्हाळ्यात तिच्या सावलीत गवत आणि लव्हाळे मरतात आणि थंडी पडताच ती स्वतःही मरून जाते. काठ उघडा पडतो. व्होल शीतनिद्रा घेत नाही. हिवाळ्यात तो बहुतेक वेळ बिळात राहून साठवलेल्या मुळ्याकंदांवर आणि काठावर उरलेल्या हिरवाईवर जगतो. नेमक्या त्याच दिवसांत त्याला ना खायला उरते ना लपायला, आणि उघड्या मातीची धूप होऊन बिळेही ढासळतात.

बी धरण्याआधी उपटणे हा साधा उपाय आहे, कारण मुळे उथळ असतात. शिवाय २०१४ पासून या वनस्पतीवरच जगणारी एक तांबेरा बुरशी ब्रिटनमध्ये सोडली जात आहे. ती मूळ अधिवासातून, म्हणजे हिमालयाच्या परिसरातूनच आणलेली आहे.

वाढत्या व्होलला दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे ८० टक्के एवढे खाद्य लागते आणि तो २०० हून अधिक जातींच्या वनस्पती खातो. त्यामुळे एकाच जातीने व्यापलेला काठ कितीही हिरवा दिसला तरी व्होलच्या पोटाच्या हिशेबाने तो अपुराच.

तरती_वस्ती

आम्ही पतिपत्नी नॅरोबोटवर (कालव्यांवरच्या अरुंद, लांब बोटीवर) राहतो आणि वर्षातला बराच काळ मिडलंड्सच्या कालव्यांवर फिरत असतो. नावाड्यांमुळे व्होल गेले असा सूर काही ठिकाणी ऐकू येतो, त्यावर लिहिणे मला आवश्यक वाटते.

वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे, पण उथळ आणि अरुंद कालव्यात तेवढ्या वेगानेही बोटीमागे लाट उठते. काठावर पांढरा फेस फुटताना दिसला तर बोट फार वेगात आहे असे समजावे. ती लाट मऊ काठ खाते, आणि काठ खाल्ला गेला की देखभाल करणारे पत्रे ठोकतात. म्हणजे घाई बोटवाल्याची आणि घर जाते व्होलचे. बोट बांधतानाही लव्हाळ्यांत न शिरता, जिथे आधीपासून पक्का काठ आहे तिथेच बांधावी.

पण बोटी पूर्णपणे बंद झाल्या तर व्होलचे भले होईल, हेही खरे नाही. वापरात नसलेला कालवा हळूहळू गाळाने भरतो. मग काठावर विलो आणि आल्डरची झाडे वाढतात, त्यांच्या सावलीत गवत मरते आणि काही दशकांत तिथे पाणीच उरत नाही. कोणीतरी गाळ काढावा लागतो, झाडे छाटावी लागतात. माँटगोमेरी कालव्याच्या पुनरुज्जीवनात हाच पेच अनेक वर्षे चालू आहे, कारण तिथे पाण्यावर तरंगणारी एक दुर्मीळ वनस्पती आणि बोटींची वाहतूक या दोन्हींची सांगड घालायची आहे. मुख्य प्रवाहाला लागून बाजूला वेगळी तळी राखणे हा मार्ग तिथे काढला गेला.

डर्वेंटकाठ

तुमच्या दुसऱ्या परिच्छेदाला माझा पूर्ण दुजोरा आहे. क्रॉमफर्डवरही काही भागांत झाडांची सावली वाढली तेव्हा तिथल्या खुणा विरळ झाल्या, आणि झाडे छाटल्यावर गवत परतले. गाळ काढतानाही एक साधा नियम पाळला तर बराच फरक पडतो. एका वेळी एकाच काठाला हात लावायचा, तोही तुकड्यातुकड्याने, म्हणजे व्होलला समोरच्या काठावर जायला जागा राहते. पायवाटेच्या समोरचा काठ शक्यतो तसाच ठेवावा. तिथे माणसे आणि कुत्री पोहोचत नाहीत.

क्लाइडपार

ग्लासगोहून लिहितो आहे. शीर्षकात कालवा आहे, पण आमच्याकडचे व्होल या चर्चेला वेगळे वळण देतात. शहराच्या पूर्व भागात, ईस्टरहाउसच्या आसपास, वॉटर व्होल पाण्यापासून दूर, सध्या पडीक असलेल्या गवताळ जमिनीत बिळे करून राहतात. २००८ मध्ये ते ध्यानात आले. वस्तीच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानालगतही ते सापडतात आणि त्यांची दाटी नदीकाठच्या कित्येक जागांपेक्षा जास्त आहे. रंगानेही आमचे पुष्कळ व्होल काळे असतात, कारण स्कॉटलंडमधील व्होलचा वंश इंग्लंडमधल्यांपेक्षा वेगळ्या वाटेने युरोपातून आलेला आहे.

मला यातून असे वाटते की पाणी हे त्याच्यासाठी मुख्यतः पळण्याची वाट आहे. खायला गवत, बिळाला मऊ माती आणि भक्षकापासून आडोसा एवढे मिळाले तर तो पाण्यावाचूनही जगतो. ग्लासगोच्या त्या जमिनींवर मिंक सहसा फिरकत नाही. म्हणजे धागाकर्त्याचे म्हणणे आणि नॉरिचकरांचे म्हणणे दोन्ही तिथे एकत्र खरे ठरते. मात्र त्या पडीक जमिनींवर आता घरबांधणी होऊ घातली आहे, आणि स्कॉटलंडमध्ये कायद्याचे संरक्षण व्होलच्या बिळाला आहे, प्राण्याला इंग्लंडइतके पूर्ण नाही.

मंदार_बर्मिंगहॅम

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक व्यावहारिक प्रश्न. आम्ही कालव्यालगतच्या गृहसंकुलात राहतो. संकुलाची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीने मागच्या मे महिन्यात काठावरचे सगळे गवत पाण्याच्या रेषेपर्यंत यंत्राने छाटून टाकले, कारण काही रहिवाशांनी उंदीर दिसल्याची तक्रार केली होती. सोबत विषाच्या पेट्याही ठेवल्या. मला वाटते ते उंदीर नव्हते. दिवसाढवळ्या काठावर बसून, पुढच्या दोन पायांत काडी धरून खाताना मी एकाला पाहिले आहे. पुन्हा वसंत येतो आहे. आता काय करावे?

डर्वेंटकाठ

मंदार, पुढच्या पायांत काडी धरून दिवसा खाणारा प्राणी वॉटर व्होल असण्याची शक्यता फार मोठी आहे. हे हलक्यात घेऊ नका.

६ एप्रिल २००८ पासून इंग्लंडमध्ये वॉटर व्होलला १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली पूर्ण संरक्षण आहे. त्याला जाणूनबुजून मारणे किंवा पकडणे, आणि त्याचे बीळ जाणूनबुजून वा बेपर्वाईने मोडणे किंवा अडवणे हा गुन्हा आहे. काठावर खरोखर आवश्यक काम असेल तर नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेकडून परवाना घेऊन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ते करता येते. अशा वेळी गवत मुद्दाम छाटून व्होलला शेजारच्या काठावर सरकवतात, पण ते मोजक्या लांबीवर, साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, पिल्ले होण्याआधी करतात. आणि सरकायला शेजारी चांगला काठ असेल तरच. मे महिन्यात, बिळात पिल्ले असताना, सगळी पट्टी एकदम छाटणे हे त्यातल्या कोणत्याही नियमात बसत नाही.

नॉरिचकर

विषाच्या पेट्यांबाबत माझी भर. पेटीचे तोंड उंदराला पुरेसे असते तेव्हा ते व्होललाही पुरते. काठापासून लांब, इमारतीजवळ, कचऱ्याच्या जागेपाशी पेटी ठेवा असे लेखी सुचवा. उंदीर मुळात तिथेच येतात, त्यामुळे रहिवाशांची तक्रारही दूर होईल.

मंदार_बर्मिंगहॅम

दोघांचेही आभार. कंपनीला पत्र लिहितो. पण माझ्याजवळ पुरावा म्हणून काहीच नाही, आणि नुसत्या माझ्या सांगण्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत.

डर्वेंटकाठ

पुरावा काठावरच मिळेल. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस होऊन दोन दिवस उलटल्यावर, पाण्याच्या रेषेलगत पाहा. तिरक्या कापलेल्या काड्यांचा ढीग आणि बोथट लेंड्या एकाच जागी सापडल्या तर शंका उरत नाही. छायाचित्र काढताना शेजारी एक नाणे ठेवा म्हणजे आकार कळेल, लेंड्या जागेवरून हलवू नका, आणि बिळाच्या तोंडावर पाय देऊ नका, कारण माती पोकळ असते. छायाचित्रे आणि नकाशावरील जागा तुमच्या भागातील वाइल्डलाइफ ट्रस्टकडे आणि परगण्याच्या जैवनोंदणी केंद्राकडे पाठवा. एकदा अधिकृत नोंद झाली की पुढच्या वेळी कंपनीला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. पत्रात गवत कापूच नका असे लिहू नका, ते कोणी ऐकत नाही. पाण्यालगतची दोन मीटरची पट्टी सोडून बाकीचे कापा, आणि ती पट्टीही शरद ऋतूत, एका वर्षी निम्मी, पुढच्या वर्षी उरलेली अशी कापा, एवढेच मागा. मसुदा इथे टाकलात तर मी वाचून सुचवण्या देईन.

रानतेरडा

मंदार, काठावर हिमालयी तेरडा असेल तर त्याचाही उल्लेख पत्रात करा. जून महिन्यात तो हाताने उपटायला रहिवाशांपैकी चारपाच जण पुरेसे होतात, आणि कंपनीचा छाटणीचा खर्च त्यामुळे कमी होतो. बी धरल्यानंतर यंत्र फिरवले तर ते उलट पसरते. मी लीड्समधून ओळखीची छायाचित्रे पाठवू शकते, रोप लहान असतानाची, म्हणजे चुकून दुसरे काही उपटले जाणार नाही.